उस्मानाबादचा शोधनिबंध मंत्रालयाने कधी वाचायचा?

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

विषय : मराठवाड्यातल्या बायकांच्या आधाराने झालेलं कॅन्सर-संशोधन मराठवाड्यातल्या बायकांच्या उपयोगी पडावं, याबाबत.

महोदय,



२ एप्रिल २००९ रोजी ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’ या अमेरिकन वैद्यकीय नियतकालिकात एक शोधनिबंध छापून आला. डॉक्टरमंडळींच्या जगात या नियतकालिकात नाव येणं म्हणजे आयुष्याचं सार्थक मानतात. त्या निबंधाचा विषय होता ग्रामीण भारतातल्या गर्भाशयमुखाच्या कॅन्सरची तपासणी, आणि ती ज्या गावांत झाली ती गावं होती आपल्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यातली. त्यानंतर जगभरातल्या हजाराहून जास्त शोधनिबंधांनी त्याचा आधार घेतला. जागतिक आरोग्य संघटनेने आपल्या मार्गदर्शक सूचना बदलल्या, त्यामागच्या भक्कम पुराव्यांत हा निबंध आहे. तो आपल्या टेबलावर कधी आला का, हे विचारण्यासाठी हे पत्र लिहितो आहे.

मी डॉक्टर नाही. नांदेड जिल्ह्यातल्या अर्धापूरला राहतो, शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालो आहे. लोक आमचं गाव केळीसाठी ओळखतात. पण इथून नांदेडला जाऊन मुंबईची गाडी धरणाऱ्यांत केळीचे व्यापारी असतात, तसे फायलींची पिशवी छातीशी धरून टाटा कॅन्सर रुग्णालयाकडे निघालेले पेशंटही असतात. कुणी बार्शीला जातं, कुणी हैदराबादला, कुणी छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय कर्करोग रुग्णालयात. बायांचं बहुतेक वेळा एकच ऐकायला मिळतं : “पाळी जाऊन चार वर्षं झाली, पुन्हा अंगावर जायलंय म्हणून दाखवलं.” म्हणजे दाखवलं तेव्हा उशीर झालेला असतो.

हा उशीर टाळता येतो, हेच त्या निबंधाने सिद्ध केलं. तो कसा झाला हे थोडं सविस्तर सांगतो, कारण आपल्याकडे ‘संशोधन’ म्हटलं की पांढरा कोट आणि सूक्ष्मदर्शक एवढंच डोळ्यांपुढे येतं.

सुरुवात बार्शीपासून होते. नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटल तिथलंच. १९८७ साली तिथे देशातली पहिली ग्रामीण कॅन्सर नोंदणी सुरू झाली. बार्शी तालुका सोलापूर जिल्ह्यातला, पण नोंदणीत परंडा आणि भूम हे मराठवाड्यातले तालुकेही होते. शहरातली नोंदणी दवाखान्यांच्या रजिस्टरांवर चालते. खेड्यात माणूस दवाखान्यात जातच नाही, मग रजिस्टर कुठलं? म्हणून नोंदणीची माणसं गावोगाव फिरली. चावडीवर, देवळात, बायकांच्या घोळक्यात बसून त्यांनी कॅन्सरची लक्षणं सांगितली, कुणाला तसं काही होतंय का ते विचारलं, आणि ज्याला होतंय त्याला तपासणीसाठी दवाखान्यात येण्यास तयार केलं. डॉ. भगवान नेने, कस्तुरी जयंत आणि त्यांचे सहकारी या कामात होते. काही वर्षांतच एक गोष्ट त्यांच्या लक्षात आली. कोणतीही तपासणी मोहीम नसताना, नुसतं बोलणं सुरू झाल्यामुळे बायका आधीच्या टप्प्यावर दवाखान्यात यायला लागल्या होत्या. १९९५ साली हा निष्कर्ष आंतरराष्ट्रीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला.

हा पाया असल्यामुळेच पुढचा मोठा अभ्यास उभा राहिला. डॉ. रंगस्वामी शंकरनारायणन तिरुवनंतपुरमच्या कॅन्सर केंद्रातून फ्रान्समधल्या ल्यों इथल्या आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेत गेलेले. त्यांनी, बार्शीच्या नेन्यांनी आणि मुंबईच्या टाटा मेमोरियलमधल्या डॉ. सुरेंद्र शास्त्री, डॉ. केतायुन दिनशॉ आदींनी मिळून ऑक्टोबर १९९९ मध्ये उस्मानाबाद जिल्ह्यात काम सुरू केलं. गावांचे ५२ गट केले आणि चिठ्ठ्या टाकाव्यात तशा पद्धतीने ते चार भागांत वाटले. ३० ते ५९ वयाच्या, तब्येतीची काही तक्रार नसलेल्या १,३१,७४६ बायका त्यात आल्या.

एका भागात एचपीव्ही विषाणूची चाचणी झाली. हा विषाणू लैंगिक संबंधातून येतो, बहुतेकींच्या शरीरातून आपोआप जातो, पण जिच्यात वर्षानुवर्षं टिकतो तिला कॅन्सर होऊ शकतो. तो शोधल्याबद्दल जर्मनीच्या हाराल्ड त्सुर हाउझेन यांना २००८ साली नोबेल मिळालं. दुसऱ्या भागात गर्भाशयमुखाच्या पेशी काचपट्टीवर घेऊन तपासायची जुनी पॅप पद्धत वापरली. तिसऱ्या भागात गर्भाशयमुखाला पातळ ॲसिटिक आम्ल लावून पांढरा डाग उठतो का ते नुसत्या डोळ्यांनी पाहिलं. याला व्हीआयए म्हणतात. चौथ्या भागातल्या बायकांना आरोग्यशिक्षण दिलं, तपासणी कुठे होते ते सांगितलं, पण तपासणी केली नाही. पहिल्या तिन्ही भागांत तपासणीला आलेल्या प्रत्येकीची तपासणी एकदाच झाली, आणि दोष सापडला तर उपचार. पुढे आठ वर्षं या बायकांचं काय होतं, याचा माग ठेवला.

त्यातून निघालेले आकडे असे. तपासणी न झालेल्या ३१,४८८ बायकांपैकी ६४ जणी गर्भाशयमुखाच्या कॅन्सरने गेल्या. एचपीव्ही चाचणी झालेल्या गटात बायका जास्त होत्या, ३४,१२६, तरी मृत्यू झाले ३४. पुढच्या टप्प्यावर पोचलेले कॅन्सर तपासणी न झालेल्या गटात ८२ सापडले, एचपीव्हीच्या गटात ३९. एकाच चाचणीने मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले. पॅप आणि व्हीआयएच्या गटांत मृत्यू थोडे कमी झाले, पण संख्याशास्त्राच्या कसोटीवर ठरेल एवढे नाही. आणखी एक गोष्ट माझ्यासारख्या माणसाला जास्त महत्त्वाची वाटते. चाचणीत विषाणू नाही असं निघालेल्या बायकांमध्ये पुढे कॅन्सर होण्याचं प्रमाण वर्षाला लाखात चारच्याही खाली होतं. बाकीच्या दोन पद्धतींनी ‘काही नाही’ ठरलेल्यांमध्ये ते लाखात पंधरा-सोळाच्या घरात होतं. एकदा चाचणी करून ‘काही नाही’ असं कळलेली बाई पुढची कित्येक वर्षं निर्धास्त राहू शकते, असा त्याचा अर्थ.

याच बार्शीचं नाव पुढे आणखी एका मोठ्या निष्कर्षात आलं. २००९ साली देशातल्या नऊ ठिकाणी मुलींना एचपीव्ही लशीच्या दोन मात्रा पुरतात की तीन लागतात, याचा अभ्यास सुरू झाला. बार्शी त्यातलं एक ठिकाण होतं. २०१० मध्ये दुसऱ्याच एका लसीकरण प्रकल्पावरून वाद झाला आणि सरकारने सगळीकडचं लसीकरण थांबवलं. हजारो मुलींच्या मात्रा अर्ध्यावर राहिल्या, काहींना एकच मिळाली. संशोधकांनी अभ्यास गुंडाळला नाही. त्या मुलींचा माग दहा वर्षं ठेवला. २०२१ साली छापून आलेला निष्कर्ष असा की, सर्वांत घातक दोन प्रकारच्या विषाणूंच्या टिकून राहणाऱ्या संसर्गापासून एका मात्रेनेही ९५ टक्क्यांच्या आसपास संरक्षण मिळतं. डिसेंबर २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने एक मात्रा चालेल असं जाहीर केलं, त्यामागे हाही पुरावा होता. गरीब देशांचे लशीचे पैसे त्यामुळे निम्म्यावर आले.

महोदय, संशोधकाचं वजन मोजायची जगाची एक पद्धत आहे. त्याने किती निबंध छापले, कुठे छापले, इतरांनी त्यांचा किती वेळा आधार घेतला, याची बेरीज करतात. एच-इंडेक्स नावाचा एक आकडाही असतो. ही पद्धत निरुपयोगी आहे असं मी म्हणणार नाही, कारण दुसऱ्याने आपल्या कामाचा आधार घेणं ही मान्यतेची खूण आहेच. पण या बेरजेत काय मावत नाही तेही पाहा. बार्शीची नोंदणी ठेवणाऱ्यांनी पहिली कित्येक वर्षं गावं पालथी घातली, त्या काळात त्यांच्या नावावर किती निबंध असतील? एकेका बाईचा आठ वर्षं माग ठेवायचा म्हणजे ती माहेरी गेली, ऊसतोडीला गेली, पुण्याला लेकाकडे गेली, तिथूनही बातमी आणायची. वर्षाला चार निबंध हवेत अशी घाई असलेला माणूस या भानगडीत पडणारच नाही.

आणि घाई आपण लावून ठेवली आहे. वैद्यकीय महाविद्यालयांत बढतीसाठी ठराविक शोधनिबंध लागतात. नियमामागचा हेतू चांगला असेल, पण त्याभोवती पैसे घेऊन काहीही छापणाऱ्या नियतकालिकांची दुकानं उभी राहिली. शंभर पेशंटांचे केसपेपर काढायचे, एक तक्ता करायचा, शुल्क भरायचं, निबंध तयार. त्यातून बढती मिळते. कुणाचा जीव त्यामुळे वाचला का, हे विचारायची रीत नाही. संशोधकाचा प्रभाव किती, याचं खरं उत्तर जिथून संशोधन निघालं त्या गावात मिळतं. ते उत्तर आज काय आहे, ते पाहू.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) ३० ते ४९ वयाच्या बायकांना विचारलं होतं की, गर्भाशयमुखाच्या कॅन्सरची तपासणी आयुष्यात एकदा तरी झाली आहे का. देशात ‘हो’ म्हणणाऱ्या १.९ टक्के निघाल्या. शंभरात दोनसुद्धा नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेचं २०३० पर्यंतचं उद्दिष्ट ७० टक्के बायकांच्या तपासणीचं आहे. २०२१ पासून ती संघटना सांगते की, तिशीनंतर दर पाच ते दहा वर्षांनी एचपीव्ही चाचणी करा, नमुना बाईने स्वतः घेतला तरी चालेल. आपल्या राष्ट्रीय कार्यक्रमाने २०१६ च्या आराखड्यात मात्र व्हीआयए निवडली.

व्हीआयएवर माझा राग नाही. तमिळनाडूतल्या दिंडिगुलमध्ये प्रशिक्षित नर्सांनी ती केली, तेव्हा मृत्यू ३५ टक्क्यांनी कमी झाले, हे २००७ साली छापून आलं. मुंबईच्या झोपडवस्त्यांत डॉ. शास्त्रींच्या अभ्यासात आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी केली, तेव्हा ३१ टक्क्यांनी कमी झाले. पण तिथे नीट शिकवलेली, सतत देखरेखीखालची माणसं होती, आणि मुंबईत त्याच बाईला पुन्हा पुन्हा बोलावलं होतं. आमच्याकडे बाई एकदा आली तरी नशीब. “दुखायलं नाही, खुपायलं नाही, मग दवाखान्यात कशाला?” हे आमच्या प्रत्येक गल्लीत ऐकू येतं. टेबलावर झोपायचं, साडी वर करायची, आणि समोर ओळखीच्या नर्सबाई, मग दुसऱ्या खेपेला कोण येणार? जिथे बाई एकदाच येणार, तिथे एकदाच केली तरी पुरेल अशी चाचणी हवी. उस्मानाबादचा निकाल नेमकं हेच सांगतो, आणि तो आमच्यासारख्याच गावांतून आला आहे. १९८२ पर्यंत लातूरही त्याच जिल्ह्यात होतं. आम्हाला वेगळा अभ्यास नको.

चाचणी नसते तिथे काय होतं, तेही आपल्या शासनाला ठाऊक आहे. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्या काढल्याचं प्रकरण २०१९ साली गाजलं. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. पाहणी केलेल्या ८२,३०९ बायकांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. अंगावरून पांढरं जातंय, ओटीपोट दुखतंय म्हणून बाई गेली की “ठेवली तर कॅन्सर होईल” एवढं वाक्य पुरतं. ते खोटं आहे हे तिला कुठून कळणार? विषाणू आहे की नाही हे सांगणारा कागद तिच्या हातात असता, तर तिने तो डॉक्टरपुढे ठेवला असता. आमचा केळीवाला पानावर करप्याचा पहिला ठिपका दिसला की तेवढं पान कापतो, बाग उपटत नाही. गर्भाशयमुखावरचा कॅन्सरपूर्व डागही असाच काही मिनिटांत उष्णतेने किंवा थंडाव्याने नष्ट करता येतो, भूल द्यावी लागत नाही, आणि बाई त्याच दिवशी घरी जाते.

उस्मानाबादच्या अभ्यासावर आक्षेपही घेतले गेले, ते लपवणं बरोबर नाही. एका गटाला तपासणी न देता मृत्यू मोजणं नैतिक होतं का, असा सवाल अमेरिकेतले डॉ. एरिक सुबा यांनी केला, आणि त्यावर बरीच चर्चा झाली. तेव्हा देशात कुठेच नियमित तपासणी नव्हती, म्हणून तपासणी न होणं हीच त्या बायकांची रोजची स्थिती होती, असं संशोधकांचं उत्तर होतं. मला दोन्ही बाजूंत तथ्य दिसतं. पण या वादातून शासनावरच एक जबाबदारी येते. त्या ६४ जणींच्या मृत्यूमुळे जे ज्ञान मिळालं, ते वापरलं तरच त्या अभ्यासाचं समर्थन करता येईल. ते ज्ञान जागतिक आरोग्य संघटनेने जिनिव्हात वापरायचं आणि धाराशिवला नाही, याचं समर्थन कुणालाच करता येणार नाही. त्या गावांतल्या बायकांनी रक्तामांसाने हा निबंध लिहिला आहे. त्यांची नावं लेखकांच्या यादीत येत नाहीत, हा नियमाचा भाग झाला. त्याचा लाभही त्यांना मिळू नये, असा नियम कुठे आहे?

खर्चाचा मुद्दा आपले अधिकारी काढतील. १९९९ साली ही चाचणी परदेशी आणि महाग होती, हे खरं. आता तसं नाही. क्षयरोगासाठी तालुक्यांच्या गावी पोचलेलं ट्रूनॅट यंत्र गोव्याच्या मोलबायो कंपनीचं आहे, आणि त्याच यंत्रावर चालणारी एचपीव्ही चाचणीही त्या कंपनीने बनवली आहे. पुण्याच्या सीरमने स्वदेशी लस बाजारात आणली. दुसऱ्या बाजूला शेवटच्या टप्प्यावरच्या पेशंटच्या किरणोपचारांचा आणि केमोचा खर्च महात्मा फुले जनआरोग्य योजनेतून शासनच भरतं. पण मुंबईत दोन-दोन महिने फुटपाथवर नाहीतर धर्मशाळेत राहणं, बुडालेली मजुरी, विकलेली म्हैस हे कुठल्याच योजनेत धरलेलं नसतं.

म्हणून माझ्या मागण्या मोजक्याच आहेत.

पहिली : नांदेड, लातूर आणि धाराशिव या तीन जिल्ह्यांत तीस वर्षांवरील बायकांसाठी एचपीव्ही चाचणी सुरू करावी. नमुना घेण्याची कांडी आशाताईंनी घरी नेऊन द्यावी, बाईने नमुना स्वतः घ्यावा, चाचणी ग्रामीण रुग्णालयात व्हावी. आमचं अर्धापूरचं ग्रामीण रुग्णालय सुरुवातीसाठी घ्यावं. मात्र दोष निघालेल्या प्रत्येकीच्या उपचाराची सोय तालुक्यात आधी करावी, मगच चाचणी सुरू करावी. नुसतं ‘पॉझिटिव्ह’ सांगून घरी पाठवलेली बाई थेट पिशवी काढणाऱ्याच्या दारात जाते.

दुसरी : नांदेड आणि लातूर जिल्ह्यांत बार्शीच्या धर्तीवर लोकसंख्येवर आधारित कॅन्सर नोंदणी सुरू करावी. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय अहवालात उस्मानाबाद-बीडचे आकडे आहेत, औरंगाबादचे आहेत, आमचे नाहीत. विष्णुपुरीचं डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय हे काम करू शकतं. जिथे मोजणीच नाही, तिथे ‘आमच्याकडे कॅन्सर वाढलाय’ आणि ‘तसं काही नाही’ ही दोन्ही वाक्यं सारखीच हवेतली.

तिसरी : वैद्यकीय शिक्षण खातं आपल्याकडे नाही, हे मला माहीत आहे, पण आपल्या सहकारी मंत्र्यांशी बोलावं. राज्यातल्या अध्यापकांच्या कामाचं मूल्यमापन करताना नोंदणी ठेवणं, गावपातळीवर दीर्घकाळ पाठपुरावा करणं, एखाद्या निष्कर्षावरून सरकारी दवाखान्यात बदल घडवणं, या गोष्टींना निबंधाइतकेच गुण द्यावेत. नांदेडचा एखादा तरुण डॉक्टर पाच वर्षं अर्धापूर-भोकरच्या गावांत माग ठेवत फिरला, तर त्याची बढती अडता कामा नये.

चौथी, आणि हिला पैसेही फारसे लागत नाहीत : त्या अभ्यासात ज्या गावांच्या बायका होत्या, त्या प्रत्येक ग्रामपंचायतीला साध्या मराठीत एक पान पाठवावं. तुमच्या गावाने काय दिलं, त्यातून जगाला काय कळलं आणि शासन आता काय करणार आहे, हे तीन परिच्छेदांत लिहावं. ग्रामसभेत ते वाचून दाखवावं.

२००९ साली या निबंधाचा निष्कर्ष ऐकला तेव्हा ज्या मुली माझ्या आठवीच्या वर्गात होत्या, त्या आता तिशीत येत आहेत. चाचणी सुरू करायचं वय तेच आहे. त्यांची पहिली चाचणी येत्या वर्षात व्हावी, आणि ती अर्धापुरात व्हावी. त्याचा आदेश काढणं आपल्या हातात आहे. तो काढावा, ही विनंती.

आपला,
अर्धापूरचा एक निवृत्त विज्ञान शिक्षक